सासऱ्यांनी सत्ती-दुर्री टाकली

लग्न होऊन भिंगारला आले तेव्हा या घरात रविवारी दुपारी पत्ते खेळतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जेवणं झाली, ओटा आवरला, आता जरा पाठ टेकावी म्हणून मी आत वळले, तर सासूबाईंनी चिंचोक्यांचा डबा माझ्या हातात दिला. "चल, भिडू कमी हाय," त्या म्हणाल्या.

बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरलेली होती. सासरे पत्ते पिसत होते. नवरा भिंतीला टेकून बसला होता, आणि शेजारचे काका आपल्या वाटणीच्या चिंचोक्यांसाठी ओंजळ करून तयार होते. हे काका लष्कराच्या डेपोत स्टोअरकीपर होते. निवृत्त झाल्यापासून त्यांचा अर्धा दिवस आमच्याकडेच जायचा.

माझ्या माहेरी, नगरात, पत्ते म्हणजे मेंढीकोट, नाहीतर उन्हाळ्याच्या सुट्टीतलं नॉट ॲट होम. इथला खेळ वेगळा होता. सासरे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीत असताना त्यांची तुकडी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेबरोबर आफ्रिकेत गेली होती. तिथं निरनिराळ्या देशांचे जवान एका तंबूत बसायचे. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती, पण पत्ते सगळ्यांना येत होते. तिथूनच त्यांनी टेक्सास होल्डेम पोकर आणलं. दुसरं काही आणलं नाही, असं सासूबाई अजून म्हणतात. घरात पैसे लावून खेळायचं नाही ही त्यांची अट होती. चिंचोक्यांना मात्र त्यांची हरकत नव्हती, आणि पुढं पुढं सगळ्यांत जास्त चिंचोके घेऊन त्याच उठायला लागल्या.

खेळ तसा सोपा. प्रत्येकाला दोन पत्ते, ते झाकून ज्याचे त्यानं बघायचे. मग मधे पाच पत्ते उघडे पडतात, आधी तीन, मग एक, मग आणखी एक. ते पाच सगळ्यांचे. आपले दोन आणि मधले पाच, यांतून ज्याचे पाच पत्ते भारी जमतील त्यानं मधले चिंचोके उचलायचे. दर टप्प्याला चिंचोके लावायचे, नाहीतर पत्ते खाली टाकून गप्प बसायचं.

मला ते गप्प बसणं जमायचं नाही. हातात दोन पत्ते आले आणि ते न खेळताच टाकायचे, म्हणजे ताटावरून उठल्यासारखं वाटायचं. त्यामुळं मी प्रत्येक डाव खेळायचे. पंजी-नव्वी आली तरी खेळायचे, चव्वी-राणी आली तरी खेळायचे. चहाच्या आतच माझी वाटी रिकामी व्हायची.

सासऱ्यांनी एक-दोन रविवार हे बघितलं. मग एकदा पत्ते वाटता वाटता म्हणाले, "पोरी, हातात पत्तं आलं म्हंजी खेळलंच पायजे, असं तुला कुनी सांगितलं?"

"टाकले तर बसून काय करू?"

"बघायचं. कोन काय करतंय ते बघायचं. शेंगदाणे खायाचे."

मग त्यांनी मला सुरुवातीचे पत्ते निवडायला शिकवलं. कागद नाही, पेन नाही; ते एकेक जोडी माझ्यासमोर उलटी ठेवायचे, मी उचलून बघायचे, आणि खेळायची की टाकायची ते सांगायचे. एक्क्याची जोडी, राजाची जोडी, राणीची जोडी आली तर विचार करायचा नाही, भरपूर लावायचे. एक्का-राजा आला तरी लावायचे. मधल्या जोड्या जपून. एकाच रंगाचे लागोपाठचे पत्ते, म्हणजे बदामची नव्वी-दश्शी वगैरे, स्वस्तात पुढचं बघायला मिळत असेल तर बघायचं.

"आणि बाकीचे?" मी विचारलं.

"टाकायचे."

"बाकीचे म्हणजे जवळजवळ सगळेच की."

"व्हय, जवळजवळ सगळेच."

मला एक्क्याचा मोह फार. एक्का दिसला की बरोबर तिर्री असो की छक्की, मी हरखून जायचे. मग शेवटी दुसऱ्या कुणाकडं तरी एक्का-राजा निघायचा आणि माझा एक्का असून नसल्यासारखा व्हायचा. सासरे म्हणायचे, "नुसता एक्का बघून हुरळू नको. त्याच्या संगं कोन आलंय ते बघ. सोयरीक जुळवताना आपन एकटा नवरदेव बघतो का?"

आणखी एक गोष्ट त्यांनी शिकवली, ती समजायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला. पत्ते तेच असले तरी आपण कुठं बसलोय त्यावर ते खेळायचे की नाही ते ठरतं. त्यांच्या जुन्या गणवेशाचं एक पितळी बटण होतं. दर डावाला ते एकेक घर पुढं सरकायचं. ज्याच्यासमोर बटण, त्यानं पत्ते वाटले असं धरायचं. त्याच्या डावीकडच्या दोघांनी पत्ते न बघताच थोडे चिंचोके टाकायचे, आणि त्यांच्या पुढच्यानं पहिल्यांदा बोलायचं, म्हणजे लावतो की टाकतो ते सांगायचं. "पयल्यांदा बोलायचं असलं तर पत्तं लई भारी पायजे," सासरे म्हणायचे. "बटन आपल्याम्होरं असलं तर हलकं बी चालतंय. तवर म्होरल्यांची तोंडं बघून झालेली असत्यात."

काकांना हे सगळं पाठ होतं, पण पाळायचं नव्हतं. सत्ती आणि दुर्री, तीही वेगवेगळ्या रंगांची, ही या खेळातली सगळ्यांत वाईट सुरुवात. काका तीही खेळायचे. "बघू तरी काय पडतंय," असं म्हणून चिंचोके पुढं सारायचे. सासरे मान हलवायचे. "जल्मभर गोदाम सांभाळलं ह्या मान्सानं. हातात आलेलं सुटंना."

सासूबाईंची तऱ्हा उलटी. त्या डावामागून डाव पत्ते टाकायच्या, मधेच उठून दूध तापवून यायच्या, परत टाकायच्या. आणि कधीतरी एखाद्या वेळी त्यांनी चिंचोके हातात घेतले की आम्ही सगळे एकदम पत्ते खाली ठेवायचो. त्यांना त्याचा राग यायचा. "मी खेळाया लागले की तुमी पळता व्हय?"

एकदा मी शहाण्यासारखी सत्ती-दुर्री टाकली, आणि मधे काय पडावं? सत्ती, सत्ती, दुर्री. मी कपाळावर हात मारून घेतला. उरलेला डाव संपेपर्यंत माझी हळहळ चालू होती. सासऱ्यांनी डाव संपू दिला. मग म्हणाले, "टाकलंस तवा बरोबर टाकलं हुतंस का?"

"हो, पण..."

"मग झालं. मागनं काय पडलं त्याच्याशी आपल्याला काय करायचंय?"

त्यांनी ते समजावणीच्या सुरात म्हटलं नव्हतं. पत्ते गोळा करता करता म्हणाले आणि पिसायला लागले. पण त्या दुपारपासून पत्ते टाकताना माझ्या जिवाला बरं वाटायला लागलं. दोन पत्ते बघायचे, खाली ठेवायचे, मागं टेकायचं. पुढच्या भांडणात आपण नाही. इतका मोकळेपणा मला तोवर कुठल्याच खेळात मिळाला नव्हता.

अशी काही वर्षं गेली. मी सुप्याच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात लागले, रोज कंपनीच्या बसनं जाऊन-येऊन करायला लागले. नवरा छावणीतल्या वर्कशॉपमध्ये सिव्हिलियन कामगार होता, सकाळी सायकलवर जायचा आणि चारच्या सुमाराला घरी यायचा. रविवारची सतरंजी चुकली नाही.

मग एका सकाळी सासरे अंगणात स्कूटर पुसत होते. मी डबा भरत होते. खिडकीतून मला दिसलं की त्यांच्या हातातलं फडकं खाली पडलं. ते उचलायला वाकले, त्यांचा हात फडक्यापर्यंत गेला, पण बोटं मिटेनात. परत प्रयत्न केला. मी बाहेर गेले तर त्यांनी माझ्याकडं बघून काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं. आवाज आला, शब्द आला नाही.

काकांनी धावत जाऊन रिक्षा आणली. नगरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सासूबाई त्यांचा उजवा हात चोळत होत्या. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी अडकली होती. वेळेत आणल्यामुळं जीव वाचला, असं डॉक्टर म्हणाले. उजवा हात आणि पाय लुळे पडले होते, ते व्यायामानं थोडेफार सुधारतील. "वाचा गेलीय. ती कितपत परत येईल ते सांगता येणार नाही."

"आणि समजतं का त्यांना?" नवऱ्यानं विचारलं.

"तेही आत्ताच सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले.

वाचा गेली त्याहून आम्हाला हे दुसरं वाक्य जड गेलं. त्यांना घरी आणलं, पुढच्या खोलीत खिडकीपाशी पलंग लावला, मी लांब रजा टाकली. आणि दिवसभर आम्ही तेच बघत राहिलो, समजतंय का यांना?

एकच बोल त्यांच्या तोंडात उरला होता, "ठीक हाय." भूक लागली तरी ठीक हाय, कूस बदलायची असली तरी ठीक हाय. पाणी पाजताना ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, तरी तोंडातून तेच. हो म्हणायला मान हलायची तशीच नाही म्हणायलाही हलायची, आणि मग आपल्या मानेवर ते स्वतःच चिडायचे. एकदा सासूबाईंनी डाव्या हातात कंगवा दिला, तर तो त्यांनी दातांवर फिरवला. सासूबाईंनी कंगवा हळूच काढून घेतला आणि मोरीत जाऊन उगीचच नळ सोडून बसल्या.

भेटायला येणारी माणसं पलंगाशेजारी बसून त्यांच्याबद्दलच बोलायची. पाथर्डीकडचे भाऊबंद आले, त्यांच्यातल्या एका बाईनं "लई हुशार मानूस हुता," असं म्हटलं. हुता. कुणी शिंगणापूरला तेल वाहायला सांगितलं. सासूबाईंनी तेही मनात बोलून ठेवलं. त्या काळात त्यांनी कशालाच नाही म्हटलं नाही.

नणंद पुण्याहून दर आठवड्याला येत होती. ती नवऱ्याहून मोठी, बापाची लाडकी, आणि कामाची माणूस. तिनं पुण्यात आजारी माणसांची देखभाल करणारं एक ठिकाण शोधून काढलं होतं. चोवीस तास नर्स, रोज व्यायाम, डॉक्टरांची फेरी. ती पलंगाच्या पायथ्याशी बसून आम्हाला समजावत होती.

"आईची काय अवस्था झालीय बघ. तू किती दिवस रजा काढशील? आणि हा कामावर गेल्यावर बाबांना उचलायचं कुणी?"

तिचं काही चुकीचं नव्हतं.

"घर सोडून कसं राहतील ते, ताई?" मी म्हटलं.

"अगं, आपण घरात आहोत हे तरी कळतंय का त्यांना?" ती म्हणाली.

पलंगावरून सासरे म्हणाले, "ठीक हाय."

आम्ही सगळ्यांनी त्यांच्याकडं बघितलं. ते खिडकीकडं बघत होते. ते हो म्हणाले का नको म्हणाले, का त्यांच्या तोंडातून आपोआप आलं, आमच्यापैकी कुणालाच सांगता आलं नाही. नणंदेनं डोळे पुसले. पुढच्या शनिवारी गाडी घेऊन येते, एकदा ती जागा बघू, असं ठरवून ती गेली.

त्यानंतरच्या गुरुवारी दुपारी काका आले. रोजच यायचे, पण त्या दिवशी ते फारच अवघडून बसले होते. बोलायला विषय उरला नव्हता. लांबून लष्कराच्या सरावाचे धमाके ऐकू येत होते. शेवटी काका म्हणाले, "पत्तं काढा की. निदान सुभेदारांच्या कानावर आवाज तरी पडंल."

मी पलंगाला लागून टेबल ओढलं, चिंचोक्यांचा डबा आणला. सासूबाई आधी नको म्हणाल्या, मग बसल्या. सासऱ्यांना उशा लावून बसवलेलं होतं. मी पत्ते वाटायला घेतले आणि हाताला जी सवय होती तिनं चौथ्या जागेवरही दोन पत्ते ठेवले. ठेवल्यावर लक्षात आलं. उचलून घ्यावे असं मनात आलं, पण तेही बरं दिसलं नसतं.

सासऱ्यांनी डावा हात पुढं केला. दोन पत्त्यांची टोकं अंगठ्यानं वर केली, जेवढी बघण्यापुरती करतात तेवढीच. बराच वेळ बघितलं. मग बोटांच्या पालथ्या बाजूनं ते पत्ते उलटेच टेबलाच्या मधे सारले.

आम्हाला वाटलं हातातून सुटले. सासूबाई म्हणाल्या, "दमलं असतील." मी पत्ते उचलून घेताना सहज उलटवून बघितले. इस्पिकची सत्ती आणि चौकटची दुर्री.

मी ते कॅटात परत घातले. पत्ते पिसले, परत चौघांना वाटले. त्यांनी टोकं उचलली आणि पुन्हा सारले. या वेळी मी मुद्दामच बघितलं. छक्की आणि तिर्री, वेगळ्या रंगांचे. पुढच्या वेळी गुलाम आणि चव्वी. तेही त्यांनी मधे सारले. काकांच्याही ध्यानात आलं होतं. ते आता स्वतःचे पत्ते बघतच नव्हते.

मग एका डावाला सासऱ्यांनी टोकं उचलली, खाली ठेवली, आणि पत्त्यांवर तळहात ठेवला. नंतर तो हात उचलून वाटीत घातला आणि मूठभर चिंचोके पुढं केले. काही चिंचोके पलंगावर सांडले. त्यांनी काकांकडं बघितलं.

"मी बी आलो," काका म्हणाले. त्यांनी तेवढेच चिंचोके मधे सारले.

मधे पाच पत्ते पडले. दर टप्प्याला सासऱ्यांनी लावले, दर टप्प्याला काका आले. शेवटी मी सासऱ्यांचे पत्ते उघडे केले. राणीची जोडी. काकांकडं पंजी आणि दुर्री होती, तीही कशात न बसणारी. सासऱ्यांनी काकांच्या पत्त्यांकडं बघितलं आणि मान हलवली, पूर्वी हलवायचे तशी. ही मान हो-नाहीची नव्हती. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

नवरा कामावरून आला तेव्हा आम्ही तिघं एकदम बोलायला लागलो. त्यानं ऐकून घेतलं, चप्पल काढली, आणि म्हणाला, "कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली असेल." ते खरं असावं असं त्यालाही आमच्याइतकंच वाटत होतं. म्हणूनच तो घाबरत होता.

"मग तूच बघ," मी म्हटलं.

तो पलंगावर बापाच्या पायाशी बसला. आता पाच भिडू झाले. त्यानं पत्ते पिसले नाहीत. कॅटातून एक किलवरचा एक्का आणि एक बदामची छक्की शोधून काढली. मग पितळी बटण अशा जागी ठेवलं की पहिल्यांदा बोलायची पाळी सासऱ्यांवर यावी. ज्यांना पत्ते न बघता चिंचोके टाकायचे होते त्यांनी टाकले. ते दोन पत्ते त्यानं बापासमोर ठेवले, बाकीच्यांना वरचे दोन-दोन वाटले.

सासऱ्यांनी टोकं उचलली. एक्का-छक्की. पहिलं बोलायचं. त्यांनी बटणाकडं बघितलं, आणि पत्ते मधे सारले.

नवऱ्यानं आमच्याकडं बघितलं नाही. त्यानं तेच दोन पत्ते परत उचलले, बटण बापासमोर आणून ठेवलं. आता त्यांच्याआधी बोलायची पाळी माझी आणि सासूबाईंची होती. "तुम्ही दोघी पत्ते टाका," तो म्हणाला. आम्ही टाकले. त्यानं तोच एक्का आणि तीच छक्की परत बापासमोर ठेवली.

सासऱ्यांनी पत्ते बघितले. मग मुलाकडं बघितलं. ती नजर मी या घरात पुष्कळदा बघितली होती. गाडीचं चाक बसवताना नट उलटा फिरवला की ती मिळायची. तीच आता नवऱ्याला मिळाली: तेच पत्ते परत देतोस, मला कळत नाही असं वाटतं का? मग त्यांनी वाटीत हात घातला आणि चिंचोके पुढं सारले.

नवरा उठून अंगणात गेला. नळ सुटल्याचा आवाज आला. बराच वेळ तो तोंडावर पाणी मारत होता. सासूबाई पलंगाच्या कडेला सरकल्या, सासऱ्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "अहो, मंग इतकं दिस तुमाला सगळं कळत हुतं?"

"ठीक हाय," सासरे म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दवाखान्यातून आल्यापासून ते रडले नव्हते. काका चिंचोके गोळा करत राहिले.

सासूबाईंना दुसऱ्या दिवशी सकाळी एक गोष्ट सुचली. जीभ फसवते, मानही फसवते, पण डावा हात खरं सांगतो. त्यांनी ताटात एका बाजूला मुगाची खिचडी वाढली, जी आम्ही रोज देत होतो, आणि दुसऱ्या बाजूला वाटीत शिपी आमटी, म्हणजे नगरकडची मसाल्याची झणझणीत डाळ, घेऊन त्यात भाकरी कुस्करली. दोन्ही सासऱ्यांसमोर ठेवलं. त्यांनी बोटांच्या पालथ्या बाजूनं खिचडी लांब सारली, सत्ती-दुर्री सारावी तशीच, आणि आमटीची वाटी जवळ ओढली.

"अगं बाई," सासूबाई मला म्हणाल्या, "मी मेली रोज खिचडीच चारीत हुते."

त्या दिवशी सासऱ्यांनी आणखी बरंच काही सारलं. टीव्हीचा रिमोट, गुडघ्यावरची जाड चादर, आणि काकांनी आणलेलं कसलंसं आयुर्वेदिक तेल. काकांनी तेल निमूटपणे पिशवीत परत ठेवलं. घरात कितीतरी दिवसांनी कुणीतरी हसलं. मला वाटतं मीच हसले.

शनिवारी नणंद गाडी घेऊन आली. नवऱ्यानं तिला फोनवर सांगितलं होतं, पण तिचा विश्वास बसला नव्हता. तिला आम्ही डावात बसवलं. लहानपणी तीही रविवारच्या सतरंजीवरच शिकली होती, आणि माझ्यासारखीच सगळे पत्ते खेळायची. त्या दिवशी तिला पत्ते दिसत नव्हते, ती बापाच्या हाताकडं बघत होती. नव्वी-तिर्री सारली. दश्शीची जोडी ठेवली. एक्का-पंजी सारली.

तिनं आपले पत्ते खाली ठेवले. वरचा एक उचलून टेबलावर सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवला, कुठला होता कुणी बघितलं नाही.

"बाबा," ती म्हणाली, "हे पुण्याचं. माझ्याबरोबर पुण्याला यायचं का? ते ठिकाण बघायला?"

त्यांनी जराही वेळ घेतला नाही. पत्ता टेबलाच्या पार पलीकडं सारला. तो खाली पडला.

"मग इथंच राहायचं?" तिनं दुसरा पत्ता धरला. तो खाली ठेवायच्या आधीच त्यांनी तिच्या हातासकट तो ओढून घेतला आणि आपल्या छातीशी धरून ठेवला.

नणंद तशीच वाकून बसून राहिली. मग म्हणाली, "मी तुमच्यासमोर काय काय बोलले, बाबा."

"ठीक हाय," सासरे म्हणाले. तेवढं एक तरी आम्हा सगळ्यांना नीट कळलं.

तिच्या खांद्यावरून ओझं उतरल्यासारखी ती नंतर दिवसभर वागत होती. तिनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, दोन भाकरी खाल्ल्या. पुण्याच्या त्या जागेला फोन करून येत नसल्याचं कळवलं. मग बसून हिशोबानं विचार केला की घरीच काय करता येईल. व्यायाम करून घ्यायला रोज सकाळी एक माणूस, उचल-ठेव करायला बाजारापलीकडची एक मावशी. सासूबाईंनी विचारलं, "शिंगणापूरचं तेल ऱ्हायलंय, जाऊन येऊ का?" तर गाडी होतीच. शनिवारची गर्दी असूनही मायलेकी संध्याकाळच्या आत जाऊन आल्या.

नगरमध्ये वाचाउपचार करणाऱ्या एक बाई होत्या, त्यांच्याकडं आम्ही त्यानंतर जायला लागलो. पत्त्यांचं ऐकून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. बोलण्याची वाट बंद झाली म्हणजे विचार बंद झाला असं नसतं, असं त्या म्हणाल्या. जे येतंय ते रोज करून घ्या, त्याच्या आधारानं शब्द परत येतील, काही येतील, काही येणार नाहीत. त्यांनी आम्हाला पत्त्यांची नावं मोठ्यानं म्हणत वाटायला सांगितलं. मग आमच्या घरात दुपारभर "इस्पिकचा गुलाम", "चौकटची दश्शी" असा घोष चालू झाला. शेजाऱ्यांना काय वाटलं असेल देव जाणे.

आलेला पहिला नवा शब्द "राणी" होता. काही आठवड्यांनी, एका रविवारी. पत्त्यातली म्हणाले का सासूबाईंना म्हणाले यावर काका आणि नवरा अजून वाद घालतात. सासूबाई त्या वादात पडत नाहीत.

आता ते काठी घेऊन अंगणातल्या अंगणात चालतात. शब्द थोडे आहेत, चुकतातही. बटणाला कधी बशी म्हणतात. मी रजा संपवून कामावर गेले त्या पहिल्या सकाळी ते पायरीवर बसले होते. मावशी आली होती, सासूबाई आत भाकरी थापत होत्या, काका पेपर घेऊन येत होते. मी पर्स खांद्याला लावून निघाले तर कुणी मला थांबवलं नाही, काही विचारलं नाही, सगळं आपापलं चालू होतं.

बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली. बस केडगावच्या पुढं गेली असेल नसेल, माझा डोळा लागला. सुप्याच्या फाट्यावर बस वळली तेही मला कळलं नाही. कारखान्याच्या गेटवर शेजारच्या बाईनं मला हलवून उठवलं. "किती गाढ झोपलीस गं," ती म्हणाली. मी पदर सारखा केला आणि सगळ्यांच्या मागून सावकाश खाली उतरले.